अकोल्याचं पासिंग

नांदगाव पेठ,
१४ जानेवारी १९४५

प्रिय देवीदास,

तीन वर्षांनी तुला लिहायला बसले आहे. चौथीनंतर फारसं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर लावून वाच. मी लग्न होऊन आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. पुढे तुझं सगळं मीच केलं, म्हणून अजूनही 'तू'च म्हणते.

घरी तुझे दादा बरे आहेत. यंदा संत्र्याचा बहार चांगला आहे. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही म्हणून लारीला कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली. गाडी आता नत्थुजी चालवतात. माणूस चांगला आहे, पण चढ आला की गाडीशी भांडतो. तू तिच्याशी बोलायचास.

मागे एकदा गाडीच्या सरकारी तपासणीची, पासिंगची तारीख तुझ्या ध्यानातून गेली नि ऐन बहारात गाडी महिनाभर दारात उभी राहिली. संत्री बागेतच सडली. दादा तुला चारचौघांत नको नको ते बोलले, नि तू दोन दिवस जेवला नाहीस. म्हणून पुढची तारीख मीच ध्यानात ठेवली होती.

त्या तारखेच्या सकाळी दादा घरी नव्हते, आदल्या दिवशीच माल घेऊन बैलगाड्यांबरोबर चांदूर रेल्वेला गेलेले. तू गाडी सुरू केलीस नि पुन्हा आत आलास. अंथरुणावर पडलेल्या माझ्या शालूजवळ उकिडवा बसलास. "वयनी, आज गाडी नाई नेत मी. पोरीचा आवाज मले बरा नाई वाटून राह्यला," म्हणालास. मी म्हटलं, "जा तू. गळाच तं धरला हाय. तारीख चुकली तं तुले पुन्हा बोलणी बसतीन." तू दारात थांबलास. मी तुझी भाकरी बांधून हातात दिली.

दुपारी शालूला श्वास घेता येईना. शेजारच्यांची बैलगाडी जुंपली. अमरावतीची घरं दिसू लागली तेव्हा ती माझ्या मांडीवर शांत झाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, घटसर्प. तासभर आधी आणली असती तर काही करता आलं असतं.

संध्याकाळी तू पासिंग करून आलास. दादा ओसरीवर होते. घरात एकच गाडी, नि पोर आजारी असताना ती घेऊन तू अकोल्याला गेलासच कसा, असं ते विचारत राहिले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पदरात तोंड घातलं. रडत होते हे खरं, पण तुझी नजर चुकवायची होती हेही खरं. तू एवढंच म्हणालास, "चुकलं, दादा." आठव्या दिवशी तू घर सोडलंस.

गेल्या आठवड्यात नत्थुजी सहज बोलून गेले. अकोल्याला पासिंगच्या मैदानावर दर खेपेला तू आधीच येऊन थांबलेला असतोस. तपासणारे साहेब यायच्या आत आपल्या लारीखाली शिरतोस, ब्रेक पाहतोस, दिव्याच्या तारा पाहतोस, नि घरी सांगू नका म्हणतोस. तुझा पत्ताही त्यांच्याकडूनच घेतला. तीन वर्षांत गाडी एकदाही नापास होऊन परत आली नाही. दादा नत्थुजींचं कौतुक करतात.

परवा मी दादांना सांगितलं, त्या दिवशी त्याला मीच धाडलं होतं, नि अजूनही तो दर पासिंगला आपल्या गाडीसाठी अकोल्याला येतो. ते उठून बागेत गेले, जेवायला आले नाहीत. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ते मी सोसायला हवं, तीन वर्षांपूर्वीच सोसायला हवं होतं. काल मात्र त्यांनी नत्थुजींना पासिंगची तारीख विचारली, नि या खेपेला मीही येतो म्हणाले.

म्हणून हे पत्र. बावीस तारखेला लारीतून दादा उतरताना दिसले तर निघून जाऊ नकोस. त्यांना बोलता येईल की नाही, मला ठाऊक नाही. तू थांब. आणि माझा विषय निघाला तर माझी बाजू घेऊ नकोस. माझ्यासाठी एकदा गप्प राहिलास, तेवढं खूप झालं.

तुझीच,
अनसूयावहिनी