मुडबीची यादी आणि माझी हिरवी खूण

१० नोव्हें., सोम.

संगीताचा पॅच उघडला, म्हणजे माझ्या प्रोग्राममध्ये तिनं केलेले बदल. माझ्या अडतीस ओळी गेल्या, त्यांच्या जागी चारशे बारा. चहा करून आणला, परत मोजल्या. चारशे बाराच.

काम किती, तर गावातल्या आरोग्यताईनं फोनवरून एक ओळ पाठवायची: ३, ७, १२-१५. प्रोग्रामनं त्यातून सहा आकडे काढायचे. कोळारच्या गोदामात त्या सहा पेशंटांचं इन्सुलिन डब्यात भरायचं. स्वल्पविराम दिसला की तोड, आडवी रेघ दिसली की मधले आकडे भर. शाळेतून रिटायर झाल्यावर शिकून लिहिलं होतं मी हे, गावोगाव इन्सुलिन पाठवणाऱ्या ट्रस्टसाठी. मुलं हसली होती तेव्हा. आठ वर्षं चाललं.

आता आकडे वाचायला एक मॅनेजर, मॅनेजरला हेल्पर, हेल्परवर देखरेखीला आणखी एक. ऑफिसच थाटलंय. गेल्या आठवड्यात हाच पॅच एवढासा होता, नुसती नावं बदललेली. चार दिवसांत हातपाय फुटले.

सत्तर ओळी वाचल्या, मिटवलं.

११ नोव्हें., मंगळ.

सकाळी परत बसले. दोनशे तिसऱ्या ओळीवर थांबले ती थांबलेच.

तिथं लिहिलंय: शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडे, स्वल्पविराम, रेघ, मोकळी जागा, एवढंच ठेवा. बाकी काढून टाका. काढून टाकताना कुणाला काही सांगू नका. बाजूला टीप एका शब्दाची. कचरा.

मुडबीची काशीबाई मराठी आकड्यांत यादी पाठवते. जनवाड्याची ताई कन्नडमध्ये. माझ्या अडतीसातल्या दहा ओळी त्यासाठीच होत्या, कुठल्याही लिपीतला पाच, पाचच वाचायला. त्याच उडवल्यात. ते तपासणारी तीन उदाहरणं होती, तीही पुसली. कारण दिलंय, 'जुनाट'.

अप्पा मोजणी खात्यात होते, त्यांचे आकडे उर्दूत. आई दुधाचा रतीब भिंतीवर मराठीत मांडायची. शेजारच्या महादेवी अक्काचं कॅलेंडर कन्नड. आणि शाळेत सिस्टर फिलोमिना. पहिल्याच आठवड्यात पाटीवर मराठी पाच काढला म्हणून बोटांवर पट्टी बसली होती. सिस्टर वाईट नव्हत्या. नंतर खडीसाखर दिली. पण तो पाच त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला, ते फडकं कसं चिकट, कळकट होतं ते अजून…

तेच फडकं आज दोनशे तिसऱ्या ओळीवर दिसलं. शिसारी आली.

१२ नोव्हें., बुध.

संगीताला फोन. कलबुर्गीत ऑफिसच्या जिन्यात उभी होती, आवाज घुमत होता. आधी दहा मिनिटं माझ्या गुडघ्यांची चौकशी. माझी विद्यार्थिनी, नववी ब. पहिल्या बाकावर बसायची, दोन वेण्या, गणितात कधी पंच्याण्णवच्या खाली आली नाही. तिला रागावणं मला कधीच जमलं नाही. आजही जमेना, म्हणून सरळ दोनशे तीन वाचून दाखवली.

"मिस, आजकाल कोण लिहायलंय मराठीत आकडे?"

मी म्हटलं, मुडबीची काशीबाई.

"मग तिला सांगायचं, इंग्रजीत लिही म्हणून. एका बाईसाठी अख्खा प्रोग्राम कामून वाकवायचा?"

वाकवलेला नव्हता गं, तसाच जन्मला होता, म्हणाले. ती हसली. मिस, तुम्ही लईच सेंटी व्हायलात, म्हणे. महिनाअखेर ट्रस्टच्या मंडळींना नवं सगळं दाखवायचंय, तेव्हा स्वच्छ दिसायला पाहिजे. स्वच्छ हा शब्द तीनदा.

न वाचता येणारा आकडा आला तर निदान थांबावं, विचारावं, असं मी म्हटलं. त्यावर, युजरला त्रास होतो मिस. युजर म्हणजे गोदामातला बसप्पा. ज्याच्या दंडाला सुई लागायची तो कोण, हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर सुचलं.

१३ नोव्हें., गुरु.

रिक्षानं कोळारला. बसप्पा अण्णा फ्रिजपाशी स्टुलावर, मांडीवर वही. त्यांना म्हटलं, नवीन प्रोग्राम येतोय, मी अजून पास केलेला नाही, आला की मला कळवा.

"येतोय कुठला अक्का, आलाय की. शनिवारपासून त्याच्यावरच चालायलंय."

सोमवारची मुडबीची यादी काढायला लावली. काशीबाईनं पाठवलेलं जसंच्या तसं होतं: १४, १७, २१-२४, 30. शेवटचा तेवढा इंग्रजीत, तिचा फोन मध्येच कीबोर्ड बदलतो. सात पेशंट. खाली प्रोग्रामनं काढलेलं: 30. एकच.

आणि डबाही एकाचाच गेला. बसनं, सोमवारीच.

"मुडबीला दर खेपेला सात-आठ असतात, तुम्हाला काही वाटलं नाही का?"

"वाटलं की. पण मशीन एक म्हणालं, मी एक भरलो. पयल्यांदा मी वहीत बघून भरायचो, तर ट्रस्टचे साहेब म्हणले, वही बंद कर, मशीनवर भरवसा ठेव." मग वही मिटत, माझ्याकडे न बघता, "ठिवला."

मुडबीचे सहा भरून घेतले, दुपारच्या बसला डबा स्वतः दिला, कंडक्टरला दोनदा बजावलं. जनवाड्याची आजची यादी कन्नडमध्ये आली होती, प्रोग्रामनं तिचे शून्य पेशंट काढले होते. ती हातानं भरली.

बसस्टँडवर उभी राहून का.ला फोन लावला. म्हणाली, "मला वाटलं, तिकडंच माल कमी आलाय. इचारावं का न्हाई कळंना. एका डब्यातनं तिघांना थोडं थोडं दिलाव, अक्का." बावीस नंबरच्या शांताबाईचं सोमवारीच संपलेलं. एकटी राहते. काशीबाई काल संध्याकाळी गेली तर उलट्या करून पडलेली, ओळख देईना. आधी बसवकल्याणला नेलं, तिथून बीदरच्या दवाखान्यात. म्हणजे माझ्या घरापासून दीड मैलावर आहे ती, आणि मी काल सं.शी गुडघ्यांवर बोलत होते.

१४ नोव्हें., शुक्र.

सकाळी तणतणत बसले, की माझ्या खुणेशिवाय गोदामात गेलाच कसा. ट्रस्टचा नियम मीच घालून दिलाय, दुसऱ्यानं वाचून हिरवी खूण केल्याशिवाय काही चढवायचं नाही. सं.ला लिहायला घेतलं, चांगलं झणझणीत. पुरावा म्हणून पॅचचं पहिलं पान उघडलं.

हिरवी खूण आहे. माझ्याच नावाची. ६ तारीख, सकाळी.

आठवलं. तेव्हा नुसती नावं बदललेली होती. संगीताचा आहे म्हणून दोन मिनिटांत खूण केली आणि कुकर लावायला उठले. मग तिनं त्याच पॅचमध्ये बाकीचं सगळं भरलं. खूण जुनीच राहिली, आतला माल बदलला. माल बदलला की खूण पुसली जावी, अशी सोय करता येते. नियम मी केला, सोय केली नाही. माणसं ओळखीची आहेत, कशाला, असं वाटलं असणार.

आणि सोमवारपासून मी खाली वाचत बसले, वर मान करून पाहिलं नाही.

चार दिवस जी किळस तिच्यावर थुंकत होते ती गिळली. दुसरं काही सुचेना.

१५ नोव्हें., शनि.

दवाखान्यात गेले. लांबूनच पाहिलं. शांताबाई बारीक, पांढऱ्या चादरीत दिसतच नव्हती जवळजवळ. का. उशाशी, मुक्काम ठोकून बसलेली. डॉक्टर म्हणाले, शुद्ध येते-जाते, किडनीचं सोमवारपर्यंत सांगू.

का.नं माझ्यासाठी स्टूल पुसलं. तिच्यापुढं बसवेना. सांगितलं तिला, की माल कमी नव्हता, आमच्या प्रोग्रामनं तुझे आकडे टाकून दिले. आणि पास मी केलं होतं.

मग, "म्हंजे माझं लिहिणं चुकलं व्हय?"

नाही, म्हटलं. नाही गं. तीनदा म्हटलं. तिला पटलं असं वाटत नाही.

१६ नोव्हें., रवि.

चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला गेलेल्या जुन्या मैत्रिणींचे फोटो आले. पाहिले, मिटवले.

ट्रस्टच्या सचिवांना पत्र लिहिलं. काय झालं, खूण कुणाची, दोन्ही. पाठवण्याआधी सं.ला वाचून दाखवलं, तेवढं तिचं देणं होतं. ती रडली. मग रडता रडता म्हणाली, "मिस, तुमच्या खुणेचं लिहू नका. ते लिहिलं की माझं पण निघतंय सगळं."

तिला माझी काळजी आहे असं मला दोन सेकंद वाटलं होतं.

पाठवलं.

१७ नोव्हें., सोम.

सचिवांचं उत्तर दोन ओळींचं. मॅडम, मनाला लावून घेऊ नका. महिनाअखेरचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल.

ठरल्याप्रमाणे.

जुना प्रोग्राम मी स्वतः बसप्पांच्या मशीनवर परत चढवला. वही पण उघडायला लावली. साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांगा, म्हटलं. ते म्हणाले, तुमचं नाव आता लई ठिकाणी झालंय अक्का. चेष्टेनं म्हणाले. लागायचं ते लागलं.

डॉक्टर: अजून दोन दिवस.

१८ नोव्हें., मंगळ.

सं.चा नवा पॅच. साठ ओळी. मॅनेजर गेला, हेल्पर गेला. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगूसुद्धा, सगळे आकडे वाचतो. न कळणारी खूण आली की अख्खी यादी थांबवतो आणि ताईला फोन करा म्हणतो. पुसलेली उदाहरणं परत, वर सहा नवी. हुशार आहे पोरगी. एकेक ओळ तोंडानं वाचत गेले, चूक सापडली नाही. नववी ब मध्ये असती तर वहीवर शेरा लिहिला असता.

आज खूण करत नाही. उद्या परत वाचीन.

१९ नोव्हें., बुध.

परत वाचला. ठीक आहे. खुणेवर बोट नेलं, तेवढ्यात बसप्पांचा मेसेज: मुडबीची यादी आली, एकदा बघा.

सगळे आकडे इंग्रजीत. का.ला कुणी सांगितलं विचारलं, तर सं.नं शनिवारीच सगळ्या ताईंना मेसेज टाकलेला, यापुढे फक्त इंग्रजी. खबरदारी म्हणून. आणि का.नं दवाखान्यात बसून, मांडीवरच्या वहीतले मराठी आकडे बघत बघत, इंग्रजीत टाइप केले.

94, 17, 21, 23, 24, 30.

मुडबीत एक्केचाळीसच्या पुढे पेशंट नाही. वहीतला १४ तिच्या डोळ्यांनी बरोबर वाचला, बोट मात्र मराठी १ सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी 9 वर पडलं. आयुष्यभर बरोबर लिहिणारी बाई.

94 नव्या पॅचला दिला. बिनतक्रार घेतला. माझ्या अडतीस ओळींना दिला. त्यांनीही घेतला, आणि आठ वर्षं असे किती घेतले असतील, मला माहीत नाही.

फोन करून का.ला म्हटलं, तू आपलं पहिल्यासारखंच लिही. ती म्हणाली, "नगं अक्का. पुन्हा माझ्यामुळं कुणाला काई झालं तर." चौदा नंबर बसप्पांनी हातानं भरला. शांताबाईचा बावीस का.नं यादीत घातलेलाच नव्हता. का ते विचारायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, डॉक्टर आत गेलेत, बाहेर आले की सांगते.

साडेपाच वाजलेत. पॅच समोर उघडा आहे, खूण केलेली नाही. फोन शेजारी ठेवलाय.