आउनेताईचं यंत्र मी कसं झोपवलं

प्रिय आउनेताई,

धाकट्या कालेर्वोचा नमस्कार. तुझा नवा खुबा काय म्हणतो? काठीशिवाय टपालपेटीपर्यंत जातेस असं तुझी भावजय सिर्का सांगत होती, बरं वाटलं (बाहेर निसरडं आहे, उगाच शूरपणा करू नकोस). आमच्याकडे सगळं ठीक. सिर्का तर फारच मजेत आहे. का, ते पुढे कळेलच. पत्र हाताने लिहितोय, कारण काही गोष्टी हातानेच लिहाव्यात असं माझं मत आहे.

तर झालं असं. मंगळवारी इमारतीच्या सौनात वाफ घ्यायची आमची पाळी असते. मी टॉवेल गुंडाळून निघालो होतो आणि जाण्याआधी माझा लॅपटॉप झोपवायचा होता. लोक झाकण मिटतात आणि मोकळे होतात. पण मी पडलो जन्मभर तारखात्यात काढलेला माणूस. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केल्याशिवाय यंत्राने माझं ऐकलं असं मला वाटतच नाही. सिर्का दारातून म्हणाली, "झाकण मिटायला काय तुझी बोटं झिजतात?" मी टॉवेलातच खुर्चीत बसलो. रुबाबात सस्पेंडची, म्हणजे डुलकीची, आज्ञा टाइप केली, एन्टर दाबलं आणि वाट पाहिली. लॅपटॉप ढिम्म. पुन्हा दाबलं. टक्क जागा. मग लक्षात आलं की पडद्यावर काळ्या खिडक्या दोन होत्या: एक माझी, आणि दुसरी इथून दुरूनच जोडलेल्या तुझ्या यंत्राची, म्हणजे तुझ्या घरच्या कॉम्प्युटरची. रविवारी काही अडू नये म्हणून दुपारभर तिच्यातून मी तुझ्या यंत्राची डागडुजी करत होतो ना! आज्ञा गेली होती तिकडे. इथे तांपेरेत उघड्या अंगाने बसून मी तुझं तिकडे तुर्कूतलं यंत्र झोपवलं होतं, आणि झोपलेल्या यंत्राला दुरून काही ऐकू जात नाही, मग कितीही एन्टर दाबा. सिर्का हसत हसत सौनात निघून गेली.

रविवारचं महत्त्व मला कळत नाही असं नाही गं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री उच्चारतील तेव्हाच बाळाचं नाव कळणार, तोवर कुणी विचारायचंही नाही, ही आपली रीत. तू सख्खी आजी, पण तुझ्या लेकीने, ओउतीने, तुलाही पत्ता लागू दिलेला नाही. तिच्याकडे रोवानिएमीला जायला डॉक्टरांनी तुला मना केलंय, ओउतीच्या घरात माणसं मावत नाहीत म्हणून आम्हीही जात नाही. त्या यंत्रावर बाप्तिस्मा थेट दिसेल तेवढाच तुझा, आणि तेच यंत्र मी बंद केलं. फोन करणार होतो, पण फोनवर तू हसायला लागलीस की थांबत नाहीस. शिवाय यंत्राच्या बटणावर चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' असं मोठ्या अक्षरांत मीच लिहिलंय, वर कॉफी पिता पिता तुला त्यावर व्याख्यान झोडलं. तू नुसतं 'बरं' म्हणालीस. तर ती पट्टी आता काढ आणि बटण एकदाच, हलकेच दाब. इतकं केलंस की तुझा रविवार वाचेल आणि माझी थोडीफार अब्रूही.

तुझा शहाणा भाऊ,
कालेर्वो

ता. क. सिर्काने मला न विचारता आत्ताच तुला फोन केला. यंत्र म्हणे तू त्याच संध्याकाळी उठवलंस. पट्टी तर नाताळातच निघाली, आणि तेव्हापासून रोज रात्री तू बटण दाबूनच ते झोपवतेस, सकाळी बटण दाबूनच उठवतेस. 'त्याला वाईट वाटेल' म्हणून मला बोलली नाहीस. वाटलं. पाकिटावर तिकीट लावून झालंय, म्हणून पत्र पाठवतोय.

आणखी एक. सिर्का हसत गेल्यावर माझं डोकं फिरलं. खिडकी नीट पाहून मी लॅपटॉपला हायबरनेटची आज्ञा दिली, म्हणजे साधी डुलकी नव्हे, अस्वलाची हिवाळी झोप. या खेपेला त्याने ऐकलं. अजून उठलेला नाही. दाबून पाहिलं, विनवून पाहिलं, पडदा काळा तो काळाच. हाताने लिहिण्याचं खरं कारण हे. तर रविवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येऊ का? बाळाचं मधलं नाव ओउती तुझ्या-माझ्या बाबांचं, तावेत्ती, ठेवेल असं मला उगाचच वाटतंय. ते कानावर पडलंच तर मला तुझ्या शेजारी बसलेलं असायचंय. दालचिनीचे पाव मी आणतो. बटण तू दाब.