बाळाचार्यांची सही

केशवापूर, हुबळी
ता. ८ मे १९८४

ती. सौ. कौसल्याअक्कास धाकट्या श्यामलाचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर दिलं नाही म्हणून तू रागावली असशील, आणि रागावली नसशील तर मला जास्त काळजी. भावजींची कंबर कशी आहे? आईचं ऐकू येणं कमी झालंय की तिला सोयीचं तेवढंच ऐकू येतंय, तेही कळव. इकडे आम्ही ठीक आहोत. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, उन्हाळा रणरणतोय, आणि ह्यांचा रक्तदाब वरच्या साहेबांच्या बदलीच्या बातमीप्रमाणे वरखाली होतोय. मी मात्र गेले चार महिने समाजसेवेत आहे. तू हसलीस ना? हस. पण पुढचं सगळं वाच.

झालं असं की आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा सरस्वतीबाई डिसेंबरात कुठलंसं व्याख्यान ऐकून आल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, यंदा नेत्रदान. (मागच्या वर्षी त्या अशाच दात घासण्यावरचं व्याख्यान ऐकून आल्या होत्या, तेव्हा आम्ही शाळाशाळांतून ब्रश घेऊन हिंडलो होतो.) चिटणीस म्हणून मला निवडलं. माझी योग्यता एवढीच की माझं अक्षर मराठीत आणि कानडीत सारखंच बरं आहे. पाटी रंगवायला नागोजी पेंटरला सांगितलं. त्यानं दोन टपोरे डोळे फार सुरेख काढले आणि आपल्या मनानं त्यांना चष्माही घातला. कारण विचारलं तर म्हणाला, "बाई, नुसते डोळे काढले तर लोक भितात. चष्मा घातला की मास्तर वाटतो." त्या पाटीमुळे पुढे महिनाभर लोक मला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता विचारत होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सरस्वतीबाईंनी आणखी एक युक्ती काढली. वाण म्हणून वाट्या, डब्या लुटण्याऐवजी नेत्रदानाचा फॉर्म लुटायचा. अक्का, नटूनथटून, गजरे माळून आलेल्या सत्तर बायका, ओटीत तिळगूळ, आणि हातात 'माझ्या मृत्यूनंतर' अशी सुरुवात असलेला कागद! तेही सणाच्या दिवशी. एकीनं तो तिथेच तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि वर दगड ठेवला, वाऱ्यानं मागे येऊ नये म्हणून. त्या दिवशीचा हिशेब असा की फॉर्म सत्तर, सह्या शून्य. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या चौघींनी लाजेखातर केल्या, त्याच काय त्या चार.

मग आम्ही दारोदार निघालो. दाजीबानपेठेत एका म्हाताऱ्या कापडवाल्यानं गादीवर बसवून घेतलं, चहा मागवला आणि माझं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं लग्नानंतर कुणी ऐकलेलं नाही. सगळं ऐकून त्यानं कानडीत शांतपणे विचारलं, "ईगऽ तगीतीरेन्री?" म्हणजे आत्ताच काढता का? आणि आम्ही काही बोलायच्या आत म्हणाला, "एक घ्या. एक राहू दे, दुकान बघायला लागतं." मेल्यानंतर घेतात असं मी समजावलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा निराशाच जास्त दिसली. मेल्यावर द्यायचं तर त्यात मी काय दिलं, असं म्हणाला. मी पेन पुढे केलं. सही त्यानं केली. ती पाचवी.

आता बाळाचार्यांकडे येते. आमच्या समोरचे, तुला आठवत असतील. तू आली होतीस तेव्हा तुझ्या रिक्षावाल्याशी आपणहून भांडले होते ते. तीस वर्षं सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि तीस वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला "वाचल्याशिवाय सही करू नका" म्हणून ओरडत होते. फेब्रुवारीत मी त्यांच्या दारात गेले तो पाण्याचा दिवस होता. हातात बादली, डोळ्यांवर चष्मा नाही. गल्लीतले लोक त्याच आठवड्यात नळाच्या तक्रारीचा अर्ज घेऊन फिरत होते. मी कागद पुढे केला तर त्यांनी विचारलं, "इंजिनिअरचं नाव घातलंय ना वर?" मी म्हटलं, डॉक्टरांचं घातलंय. "तेही बरं केलंत, पाणी घाणच येतंय," असं म्हणून त्यांनी बादली खाली ठेवून सही ठोकली, आणि आतून कृष्णाबाईकाकूंना हाक मारून त्यांनाही खाली सही करायला लावली. काकूंनी पदराला हात पुसून केली. काय म्हणून विचारलंसुद्धा नाही.

अक्का, खरं सांगते. इंजिनिअर म्हणाले तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता. पण यादीत पाचच नावं होती आणि संध्याकाळी सभा होती. मी कागदाची घडी घातली आणि घरी आले.

पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे पोस्टानं नेत्रदानाचं कार्ड आलं. मग ते आमच्या फाटकाशी उभे राहिले आणि अर्धा तास बोलले. (बोलले हा शब्द मी तुझ्यासाठी वापरतेय.) सगळी गल्ली बाहेर आली. मी म्हटलं, काका, फॉर्म फाडून टाकते. तर आणखी चढले. "फाडायचा नाही! सही म्हणजे सही. पण तुझ्याशी माझं बोलणं संपलं." आणि खरोखरच संपलं. दोन महिने समोरासमोर घर असून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी रोज अंगणात सडा टाकताना त्यांच्या खुर्चीकडे बघायची आणि ते वर्तमानपत्र उंच धरायचे.

गेल्या महिन्यात, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता ते गेले. पूजा करून उठले आणि बसले ते बसलेच. रडण्याचा आवाज ऐकून मी धावले. पहिल्यांदा मनात आलं की काकूंचं कसं होणार. दुसऱ्यांदा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा दहा. म्हणजे पाचपर्यंत. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, हे मी चार महिने घसा कोरडा करून सांगत होते, आणि आता ते घड्याळ दुसऱ्या कुणीतरी बघावं असं वाटत होतं.

तरी मी त्यांच्या डोक्याखाली उशी दिली, पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या आणि पंखा बंद केला. (वाऱ्यानं डोळे सुकतात.) एवढ्यात रायापूरहून त्यांचे धाकटे भाऊ गोपाळराव आले. त्यांनी पंखा लावला. मी बंद केला. त्यांनी पुन्हा लावला. बाहेर एप्रिलचं ऊन, आत तीस माणसं, आणि एक परकी बाई पंख्याच्या बटणाशी उभी! कुणीतरी त्यांना कारण सांगितलं तेव्हा ते कडाडले, "अण्णांची सही हिनं फसवून घेतलीय. साऱ्या गल्लीला ठाऊक आहे! पुढच्या जन्मी त्यांनी आंधळं जन्मायचं काय?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. सरस्वतीबाई कोपऱ्यातून डोळ्यांनी खुणावत होत्या की गप्प बैस. पण काकू बोलावत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी विचारलं, "खरं का गं हे? मुद्दाम?"

मी म्हटलं, "खरं आहे काकू. त्यांना नळाचा अर्ज वाटला होता. ते मला तिथल्या तिथे कळलं होतं, आणि मी बोलले नाही. तुम्ही नको म्हणा. मी आत्ता उठून जाते."

काकूंनी पदरानं चेहरा पुसला. मग गोपाळरावांकडे बघून, भाजीबद्दल बोलावं तशा सांगू लागल्या, "मला बघायला आले होते ते माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलोय असं समजून आले होते. नाव नीट ऐकलंच नव्हतं. चूक कळली तेव्हा सुपारी फुटलेली. बेचाळीस वर्षांत मी शंभरदा म्हटलं असेल, चुकून झालं ना, मग घ्या की मागं. नाही घेतलं. शेवटपर्यंत नाही." मग वर पंख्याकडे पाहिलं. "गोपाळ, पंखा बंद कर."

त्यांनी केला.

पुढचं सगळं घाईचं झालं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून नेत्रपेढीला फोन केला. तीन वाजता एक पोरगेलासा डॉक्टर स्कूटरवरून बर्फाचा डबा घेऊन आला. खोलीत त्याच्याबरोबर घरचं कुणीतरी हवं होतं; गोपाळराव दारापर्यंत आले आणि परत फिरले, म्हणून मी थांबले. वीस मिनिटं. मी कंदिलासारखी टॉर्च धरून उभी होते आणि मनात एकच म्हणत होते, काका, आता तरी बोला, शिव्या द्या. डॉक्टरनं पापण्या मिटवल्या तेव्हा चेहरा होता तसाच होता, थोडासा वैतागलेला. संध्याकाळी त्यांची मुलगी सोलापूरहून आली. बापाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून रडली. तिला काही कळलं नाही. नंतर काकूंनीच सांगितलं, तर म्हणाली, "अप्पांनी? एवढी चांगली गोष्ट? आणि भांडण न करता?" त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि त्या काकू होत्या.

दहा दिवसांनी निरोप आला की दोघांना एकेक डोळा बसवला, दोघांनाही दिसायला लागलं. कोण, कुठले, ते सांगत नाहीत. मी काकूंना सांगायला गेले. खूप रडतील असं वाटलं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बघ हं श्यामला. त्या दोघांनाही आता दुसऱ्यांच्या चुकाच आधी दिसत असतील."

तेव्हापासून केशवापुरातच तेवीस सह्या झाल्या. भाषण मी सोडून दिलंय. काकू माझ्याबरोबर येतात, त्याच बोलतात. मी फक्त प्रत्येकाला कागद मोठ्यानं वाचून दाखवते, कंटाळले तरी.

आईला नमस्कार, भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
श्यामला

ता. क. जूनच्या दुसऱ्या रविवारी मंडळाचं रक्तदान शिबिर आहे. आमच्या सगळ्यांच्या नवऱ्यांना त्याच दिवशी नेमकी बाहेरगावची कामं निघाली आहेत. निदान एक धडधाकट पुरुष खाटेवर झोपलेला दिसला पाहिजे. मी भावजींचं नाव दिलं आहे. शनिवारच्या गाडीनं त्यांना धाडून दे. शिबिराचं त्यांना काही बोलू नकोस, श्यामलाकडे आंबे उतरलेत एवढंच सांग. (आंबे खरोखरच आहेत.)

ता. क. २. सोबत एक फॉर्म आहे. तो माझा. इतक्यांचे भरून घेतले, पण माझा आजवर कोराच होता. मंडळातल्या चौघींत मी होते असं तुला वाटलं असेल. मी तसं लिहिलेलं नाही. काल भरला. खाली जवळच्या नातेवाईकाची सही लागते. ह्यांनी तीनदा पेन हातात घेतलं आणि तीनदा शाई संपली म्हणाले, त्यांना ती करवत नाही. तू कर. आणि अक्का, नुसता फॉर्म परत पाठवू नकोस, बरोबर चार ओळी लिही. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा घरात मी एकटी असते.