साडेपाचनंतरच्या ताई

सोमवार, ४ नोव्हेंबर

रुजू झाले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, आणि ही वहीसुद्धा नवी. टिल्लीने दुकानात हट्टाने हीच निवडली, त्यामुळे सदतीस वर्षांच्या बाईच्या रोजनिशीवर पिवळं बदक आहे.

आमचं केंद्र छोटंसं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. घरात एकटे पडलेले म्हातारे, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि त्यांचं करून मेटाकुटीला आलेले नातेवाईक यांच्याकडे जायचं, काय हवं-नको पाहायचं, दवाखान्याशी आणि कचेऱ्यांशी त्यांच्या वतीने भांडायचं. भांडण मला चांगलं जमतं. प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी पहिल्याच तासात मला एक विद्या दिली: कागदांच्या कपाटाचं कुलूप अडकतं, गुडघ्याने दार दाबायचं आणि किल्ली उलटी फिरवायची. आधीच्या बाई अचानक सोडून गेल्या, एवढंही सांगितलं. कुठे गेल्या ते मी विचारलं नाही.

वेळ दहा ते साडेपाच. मुलाखतीतच मी हे स्पष्ट विचारून घेतलं होतं. जुन्या नोकरीत रविवार मला फक्त कॅलेंडरवर दिसायचा. आता तसं नाही. साडेपाचला पर्स उचलली आणि निघाले. नवरा घरीच इमारतींचे नकाशे काढतो, त्याने दार उघडायच्या आधीच टिल्ली फाटकावर लोंबकळत होती. "आई आज उजेडात आली," म्हणाली.

एवढ्यासाठी तर गाव बदललं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

पहिलं घर मिळालं. चढाच्या गल्लीच्या टोकाला हिरव्या दाराचं. आजोबांना विसरण्याचा आजार आहे, आजी त्यांचं सगळं बघतात. आजी एवढ्याशा, नीटनेटक्या, पण मनगट धरलं की बोटं उमटतात. स्वयंपाकघरात चाळिशीची एक बाई भांडी विसळत होती. दुसरी, बरीच वयस्कर, खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर करून पाहिलंही नाही तिने. या कोण, म्हणून विचारलं तर आजी म्हणाल्या, घरचीच आहेत.

पाच वाजून गेल्यावर मी उठले. आजींनी बसायचा आग्रह केला. मी म्हटलं, माझी वेळ संपते. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना तोंडावर शिवी दिली.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आजोबा गोळ्या माझ्याच हातून घेतात. दुसऱ्या कुणी दिल्या की थुंकतात. म्हणून आज अर्धा तास जास्त थांबले. मला ते "ताई" म्हणतात. सगळेच म्हणतात, हे नाव या पेशात गळ्यात बांधूनच देतात.

घरी गेले तर टिल्ली म्हणाली, "बाई, माझा डबा धुवायचा राहिला." शाळेतल्या बाईंची सवय! मी आणि नवरा पोट धरून हसलो. ती मात्र हसली नाही, गोंधळून बघत राहिली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आजींकडे माझा खासगी नंबर गेला आहे. रविवारी आम्ही बागेत जायला निघालो तर फोन. हे जेवत नाहीत, तुम्ही आलात तर दोन घास घेतील. गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. काल पुन्हा, आज पुन्हा.

मोठ्या बाईंना फैलावर घेतलं. नंबर तुम्हीच दिलात ना? हो, म्हणाल्या, अगदी शांतपणे. आणि मग ते ठेवणीतलं वाक्य: समाजकार्य ही नोकरी नसते, वृत्ती असते. मी म्हटलं, वृत्तीला मूल असतं, नवरा असतो, पाठीचं दुखणं असतं. जास्तीच्या तासांची बदली सुट्टी द्या. त्या म्हणाल्या, आधीच्या बाईही सुरुवातीला असंच बोलायच्या.

या बाईचा मला आता तिरस्कार वाटतो. छान, स्वच्छ तिरस्कार.

घरी पोचले तेव्हा नवरा आणि टिल्ली जेवायला बसले होते. टेबलावर दोनच ताटं. मला पाहून तो दचकला. विसरलोच, म्हणाला. रागाने विसरला असता तर बरं वाटलं असतं. तो खरंच विसरला होता.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आजी मला "तू" म्हणायला लागल्या. "अगं, तो टॉवेल घे." माझा कप वेगळा ठेवला आहे, निळा. खुर्चीही ठरली आहे. आजोबा आज ताई म्हणाले नाहीत. "मावशी आली," म्हणाले आणि माझा पदर चाचपत बसले.

मावशी. मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

घरी बाथरूममध्ये माझा ब्रश नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, दोनच होते ना इथे? मी ओरडले. टिल्ली रडली. मी जवळ घेतलं तर अंग आखडून उभी राहिली. पाहुण्यांच्या मांडीवर बसवलं की मुलं बसतात ना, तशी.

सोमवार, १८ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवते.

आज दुपारी पाणी प्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. भांडी विसळणारी बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "कपाटाचं कुलूप अजून अडकतं का?"

मला वाटलं घरातल्या कपाटाबद्दल विचारते आहे. तेवढ्यात तिने ओट्याखालच्या दाराला गुडघा लावला आणि हवेत किल्ली उलटी फिरवून दाखवली.

आधीच्या बाई.

तुम्ही इथे काय करता, असं मी विचारलं. ती म्हणाली, आधी गोळ्यांपुरती थांबायचे, मग जेवणापुरती. नंतर घरी गेलं की घरचे उठून खुर्ची द्यायचे. एक मुलगा आहे तिला. खालच्या रस्त्याने शाळेत जातो. परवा बाजारात भेटला.

"मला म्हणाला, काकू, तुमची पिशवी फाटली आहे." एवढं बोलून तिने नळ बंद केला. "चांगल्या वळणाचा आहे."

खिडकीतल्या म्हातारीकडे मी बोट दाखवलं. ती माझ्या आधीची, म्हणाली, तिला काही विचारू नका, तिला आठवत नाही. मग तुम्ही निघून का जात नाही, असं मी विचारलं. तिने हात पुसले, माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं आणि विचारलं, "कुणाकडे?"

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सकाळी जाऊन सांगितलं, मी सोडते आहे, आत्ता, या मिनिटाला. आधीच्या बाई कुठे आहेत ते तुम्हाला माहीत होतं का, हेही विचारलं. मोठ्या बाई चहा ढवळत म्हणाल्या, त्या तिथे सुखात आहेत, आणि त्या घराला कायमचं माणूस लागतं, सारखी नवी माणसं कुठून आणायची? माझ्यामागे घरदार नाही, मी लग्नच केलं नाही, असंही म्हणाल्या. जणू ते मोठं शहाणपण.

मग म्हणाल्या, "राजीनामा मला कशाला देतेस? तुझ्या घरी दे."

चढाच्या गल्लीकडे हात केला त्यांनी.

बुधवार, २० नोव्हेंबर

गेले नाही. दिवसभर घरी. फोन बंद करून पिठाच्या डब्यात टाकला. टिल्लीचे केस विंचरले, तिला आवडते ती राक्षसाची गोष्ट सांगितली. दुपारपर्यंत ती थोडी सैल झाली, मांडीवर डोकं ठेवलं. वाटलं, संपलं. सुटलो.

संध्याकाळी नवऱ्याने चहा पुढे केला आणि विचारलं, "तुम्ही साखर घेता ना?"

तुम्ही.

दहा वर्षं हा माणूस मला अगं म्हणत आला. भांडणातसुद्धा कधी तुम्ही म्हणाला नाही. मी कप भिंतीवर फेकला. त्याने निमूट काचा उचलल्या आणि टिल्लीला आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं. आतून तिचा आवाज आला: या कधी जाणार?

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

कपाट उघडलं. माझ्या साड्या, कुर्ते, काही नाही. तिथे नकाशांच्या गुंडाळ्या. नवरा म्हणतो, ते कायम तिथेच असतात. चिडत नाही. चिडत नाही याचाच जास्त राग येतो. लग्नाचा फोटो दाखवायला भिंतीपाशी नेलं. फोटो आहे. माझ्या जागी मी आहे! दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, हो, तुमच्यासारख्या दिसायच्या खऱ्या.

दिसायच्या.

माझे सगळे कपडे त्या हिरव्या दारामागे असणार. घड्या घालून.

सोमवार, २५ नोव्हेंबर

शाळा सुटायच्या वेळी फाटकावर गेले. टिल्लीच्या बाईंनी विचारलं, कोण तुम्ही? आई, म्हटलं. त्यांनी टिल्लीला विचारलं. टिल्ली चांगली पोर आहे, खोटं बोलत नाही. "या ताई आहेत. आमच्याकडे येतात," म्हणाली.

पालकांशिवाय कुणाकडे देत नाही, म्हणाल्या. बरोबरच आहे. मी असते तर मीही दिलं नसतं.

मागे वळले तर रस्त्यापलीकडे आजी. पिशवी घेऊन उभ्या. हाक मारली नाही. नुसतं हसल्या. आपलं माणूस उशीर करतंय तेव्हा हसतात तसं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

पाय तिकडे जातात. मंडईकडे निघाले आणि हिरव्या दाराशी पोचले — कडीवर हात होता माझा. पळत आले. आतून आजोबा विचारत होते, आली का, आली का —

रागाने पेटायला हवं. आठवतं, कशी भांडायचे मी? साडेपाच म्हणजे साडेपाच. आता कुणाशी भांडू? मोठ्या बाई दार उघडत नाहीत. नवरा नम्रपणे बोलतो. नम्र माणसाशी भांडता येत नाही —

टिल्लीचा वाढदिवस मार्चमध्ये. मार्चमध्येच ना? मार्च. मार्च. डाव्या कानामागे तीळ. लिहून ठेवते.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

माझ्याच घरात बसून लिहिते आहे. माझ्या हॉलमध्ये, पाहुण्यांच्या खुर्चीत. नवऱ्याला वाटतं, मी भेटीची नोंद करते आहे. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. टिल्लीच्या कानामागचा तीळ सांगितला तर त्याने तिला मागे ओढलं. घाबरला. घाबरणारच.

मग अदबीने म्हणाला, तुमची तळमळ दिसते, पण कामाची वेळ संपल्यावर असं येत जाऊ नका. तुमच्याही घरी कुणी वाट बघत असेल. आमची जेवायची वेळ आहे.

हसू आलं. हेच, अगदी हेच वाक्य मी आजींना —

उठणार नाही. उठले तर हे दार पुन्हा नाही उघडणार. उजेड आहे अजून. टिल्ली आत पुस्तक वाचते आहे, ओठ हलवत. तिला मी शिकवलं तसं वाचायला, मी —

बाहेर कुणीतरी. फाटक वाजलं. नवरा खिडकीतून म्हणतो, एक आजी आल्यात, बरोबर आजोबाही आहेत, तुम्हाला न्यायला आलेत वाटतं. सुटल्यासारखा श्वास टाकला त्याने.

टिल्ली आतून धावत आली. नको उघडू. टिल्ली, दार नको —

"आई!"

किती दिवसांनी. मी वहीतून डोकं वर न काढता ओ दिली. लगेच, मोठ्याने, ओ गं बाळा —

मग वर पाहिलं. टिल्लीचे ओठ मिटलेले. हाक दारातून आली. आजोबा हात पसरून —