मुंबई ते लंडन पाच तास

३ मे
मुलगा विजयसिंहानं लंडनची तिकिटं पाठवली. आम्ही गेल्याशिवाय पोरीचं बारसं करणार नाही म्हणतो. बायको छबुबाई तयार नाही. गुडघे धरतात, लई वेळ बसवत न्हाई, म्हणाली. तिकीट वाचून दाखवलं. मुंबईहून दुपारी दोन, लंडनला संध्याकाळी सात. पाच तास. धारूरहून पुण्याला यापेक्षा जास्त लागतात. पाचच असतील तर येते, म्हणाली. मी शब्द दिला. विषय संपला.

५ मे
पुतणी स्वप्नाली कॉलेजात जायला लागल्यापासून फार बोलते. काका, अंतर सात हजार दोनशे किलोमीटर हाय, विमान ताशी आठशेनं जातं, पाच तासांत कसं पोचंल, म्हणाली. तिकडचं घड्याळ म्हणे आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. घड्याळ काय गावागावाला वेगळं असतं? यापुढं तिच्याशी वाद घालायचा नाही.

६ मे
वाद घातला. तिनं परतीचं तिकीट दाखवलं. रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबई. साडेतेरा तास. मग येताना इतके कावून, काका? छबुबाई शेजारीच गवार मोडत होती. मी सरळ सांगितलं, जाताना उतार आहे, येताना चढ. आपल्या धारूरच्या घाटात गाडी उतरताना आपोआप पळते आणि चढताना रडते, तसंच. छबुबाईला पटलं.

११ मे
छबुबाई वीस धपाटे करणार होती. पाच तासांना आठ पुरे, म्हणून थांबवलं.

१२ मे, विमानात, संध्याकाळी सात
अजून हवेतच. पायलट नवा दिसतोय. धपाटे संपले.

रात्री नऊ
छबुबाई गुडघे चोळतेय. पाच तास झाले का, हे तिसऱ्यांदा विचारलं. होत आले, म्हणालो.

रात्री साडेअकरा
उतरलो. विमानतळावरच्या घड्याळात सात. बाहेर चक्क ऊन. सात म्हणजे सातच. माझं घड्याळ वरच्या हवेनं पुढं पळालेलं दिसतं. स्वप्नालीला फोन लावला, भावानं उचलला. झोपली म्हणे. सात वाजता? छबुबाईला धड उभं राहता येईना. माझ्याशी बोलत नाही.

१८ मे
बारसं झालं. मोहिनी नाव ठेवलं. छबुबाई तिला मांडीवरून खाली ठेवत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते. राग आहे, उतरेल.

९ जून
आज निघायचं. माझी बॅग भरलेली, छबुबाईची नाही. म्हणाली, उतार होता तरी माझे गुडघे गेले. साडेतेरा तासांचा चढ मला जमायचा न्हाई. तुमी जावा, मी हितंच ऱ्हाते. मी म्हणालो, चढबिढ काही नसतो, नऊच तास लागतात. मग जातानाबी नऊच लागले म्हणा, म्हणाली. विजयसिंह आणि सूनबाई माझ्याकडं बघत होते.
म्हणालो नाही. हा राधाकिशन शब्द फिरवत नाही. तिचं तिकीट विजयसिंहानं पुढं ढकललं. पुढं म्हणजे दिवाळीच्याही पुढं.

९ जून, विमानात
तिनं वीस धपाटे बांधून दिलेत, साडेतेरा तासांचे. तिच्या सीटवर एक गोरा घोरतोय. तिची आठवण येतेय.
नऊच लागतात. जातानाही साडेनऊ लागले होते. हे तिथं म्हणालो असतो तर आत्ता ती इथं बसली असती.