तारा कधी लावायच्या

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारावं वर्ष म्हणजे तारा लावायला अगदी योग्य वय. जबडा वाढता असतो, पुढे आलेले दात आत घेणं सोपं जातं. लेकीचे दात माझ्यावर गेलेत — वरचे चार पुढे, ओठ धड मिटत नाहीत. मी लगेच म्हटलं, उद्याच दातांचे ठसे घेऊन टाका.

लेक खुर्चीतूनच म्हणाली, "आत्ता नको. एप्रिलनंतर."

शाळेच्या वाद्यवृंदात तिला एकटीने बासरी वाजवायचा तुकडा मिळालाय. स्पर्धा एप्रिलात. तारा लागल्या की ओठ नीट बसत नाहीत, फुंक बिघडते, असं तिच्या बासरीच्या बाईंनी सांगितलंय म्हणे. मला वाटलं डॉक्टरीणबाई तरी समजावतील. कसलं काय! दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही म्हणाल्या. पोरीचं मन तयार झालं की या. थांबा जरा.

थांबा! तीस वर्षं हेच ऐकतेय.

५ फेब्रुवारी

स्टुडिओत दिवसभर ओळखपत्रांचे फोटो. एक बाई काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, माझे दात थोडे आत घेता येतील का? घेतले. संगणकावर मिनिटभराचं काम. बाई खूश होऊन गेल्या. अठरा वर्षं हाच धंदा — लोकांचे दात आत ढकलायचे, आपले घेऊन घरी यायचं.

९ फेब्रुवारी

आईला विषय सांगितला, तीच चूक. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थांब की जरा. पोर म्हणतेय तर."

झालं. माझा ताबा सुटला. आमच्याकडे राहायला आल्यापासून चार वर्षांत जे बोलले नव्हते ते सगळं बाहेर पडलं. दुधाचे दात पडू देत. मग दाढा येऊ देत. मग परीक्षा होऊ दे. मग नोकरी लागू दे. माझ्या वाट्याला नुसतं थांबणं! आणि धाकट्या बहिणीला मात्र बाराव्या वर्षी गुपचूप तारा. मी तेव्हा सोळाची. शाळेतून आले तर ही आरशासमोर आ करून उभी. ती आजही बत्तीशी दाखवत हसते. मला वर्गात 'किसणी' म्हणायचे. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत दात दिसत नाहीत — फोटोवालाच सांगत होता, ओठ मिटा ताई.

आई निवडलेली भाजी उचलून आत गेली.

१२ फेब्रुवारी

लेक बोलत नाही. मीही नाही.

१५ फेब्रुवारी

आज शाळेतून परस्पर नेलं. कुठे ते रस्त्यात सांगितलं नाही. दवाखान्याची पाटी दिसली तशी तिने हात सोडवून घेतला, पण आली.

डॉक्टरीणबाईंनी ठशासाठी गुलाबी लगदा कालवला. लेकीने तोंड घट्ट मिटून घेतलं. त्यांनी गोड बोलून पाहिलं. उपयोग नाही. मग मीच पुढे झाले. स्टुडिओत रोज शंभर हनुवट्या सरळ करते, तशी तिची धरली. जोरात धरली असेन. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुझ्या दातांचा राग माझ्यावर काढू नकोस," ती म्हणाली. ओरडून नाही. साधं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. बसले. समोर भिंतीवर हसऱ्या पोरांची चित्रं. अर्ध्या तासाने लेक आली, ठसा न देता. कालवलेला लगदा वाटीतच घट्ट झाला होता, दारातून दिसला.

घरी नवरा म्हणाला, अती करतेस. त्याची दंतपंक्ती जन्मापासून ओळीत. त्याला काय कळतंय?

१६ फेब्रुवारी

गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आई मागे येऊन उभी राहिली. लेकीने तिला कालचं सांगितलं असणार.

म्हणाली, तुला नेलं होतं. दोनदा. अकरा वर्षांची होतीस. पहिल्यांदा तू दाराची चौकट सोडेनास. दुसऱ्यांदा खुर्चीत बसवलं, तर सगळा दवाखाना डोक्यावर घेतलास. तारा लावल्या तर जेवणार नाही म्हणालीस, आणि दोन दिवस खरंच जेवली नाहीस. पुढे विषय काढला की उठून जायचीस. म्हणून मी थांबू या, थांबू या म्हणायला लागले. तेवढं म्हटलं की तू जेवायला बसायचीस.

मी म्हटलं, खोटं आहे. मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आणि खरं असतं तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"तुला कुणावर तरी चिडायचं होतं," आई म्हणाली. "माझ्यावर चिडलीस तर माझं काय जात होतं?"

छान रचलंय. चार-पाच दिवस लागले असतील जुळवायला. असं काही घडलं असतं तर मी विसरले असते का? अकरा म्हणजे काय तान्हं वय आहे? किसणी म्हणणाऱ्या पोरांची नावं अजून पाठ आहेत मला.

१७ फेब्रुवारी

खात्री करायला धाकटीला फोन लावला. मला वाटलं, ती तरी हसेल. ती म्हणाली, "ताई, मी तिथेच बाकावर बसले होते. तू डॉक्टरांचं बोट चावलंस, रक्त निघालं. तुला तुझंच वाईट वाटेल म्हणून आईने मला शपथ घातली होती, हा विषय कधी काढायचा नाही."

दवाखान्यात कळवलं, दिवस लेक ठरवेल. लेकीलाही सांगितलं. मग आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. आईने अंथरुणावरची चादर सरकवून जागा केली.