खोबरेलाची चंगाई

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रार्थनेने आजार बरे करणारा चंगाईवाला ब्रदर पुन्हा आमच्या भुसावळच्या चर्चमध्ये! बूट आरशासारखे. प्रार्थनेला मात्र ना वृत्त, ना यती — नुसता आवाज. मग प्रत्येकाच्या कपाळाला अभिषेकाचं तेल, म्हणे थेट यरुशलेमचं. मी हुंगलं. खोबरेल! यरुशलेमात नारळ कधीपासून?

ब्रदर म्हणाला, "विश्वास असेल तर औषध कशाला?"

सगळे म्हणाले, आमेन. माझी बायको सुंदरबाईही.

४ फेब्रुवारी

सुंदरबाईने तिच्या मधुमेहाच्या गोळ्या मोरीत ओतल्या. मी ओरडलो. "तुमचा विश्वास कवितांवर, माझा देवावर," म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

५ फेब्रुवारी

चर्चच्या पंचांचा प्रमुख कौतिकभाऊ. त्याला गाठलं. म्हटलं, खोट्या शिकवणीपासून कळप राखायचा की नाही?

"नाना, चर्च बठ्ठं भरेल शे, आते गप बसा ना!"

बाजारही भरतो, म्हटलं. रुसला.

दुपारभर निवृत्तीआधीचा माझा पाचवीचा वर्ग आठवत पडलो. कविता ऐन रंगात यायची आणि शेजारच्या रेल्वे यार्डातलं इंजिन शिट्टी द्यायचं. पोरं शिट्टी संपली की बरोब्बर पुढची ओळ उचलायची. मी मुद्दाम भलताच शब्द घुसडला की अख्खा वर्ग ओरडायचा — "गुरुजी, चुकलं!" काय कान होते एकेकाचे!

७ फेब्रुवारी

सुंदरबाईच्या पायांना मुंग्या. सारखी तहान. "हीच चंगाईची खूण!" — ब्रदरचं फोनवरून निदान.

रविवार, ९ फेब्रुवारी

ब्रदर गरजला, "खरा विश्वासी गोळीला शिवत नाही!"

मी बाकावरूनच — "चुकलं!"

म्हटलं, बायबलातल्या तीमथ्याचं पोट दुखायचं तेव्हा प्रेषित पौलाने तेल चोळलं नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणाला. मग पौलही अविश्वासी?

मागून म्हातारी भिकुबाई — "द्राक्षारस तर माले बी चालई!"

चर्चभर हशा. पाळकसाहेबांनी ब्रदरच्या हातातला माइक काढून घेतला. कौतिकभाऊसुद्धा हसला. जिंकलो!

घरी येऊन गोळ्यांची नवी पट्टी सुंदरबाईपुढे ठेवली. तिने हात लावला नाही.

१० फेब्रुवारी

शेवटी बोलली. "साखरेसाठी नव्हे हो. गोळ्या सोडा, मुलगा घरी येईल — असं ब्रदर म्हणाला."

किरण. माझ्याशी भांडून सुरतेला गेला, तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघत नाही. ब्रदरने पहिल्याच भेटीत विचारलं होतं म्हणे — "आई, मुलगा कसा आहे?"

एवढ्या चर्चमध्ये त्यानेच विचारलं. मीही नाही.

११ फेब्रुवारी

सुरतेला फोन लावला. खूप वाजला. उचलला नाही.

सुंदरबाईने गोळी घेतली. म्हणाली, "उद्या परत लावा."